अठ्ठावीस अक्षरांची जागा

शके १७४०, इंग्रजी सन १८१८. ज्येष्ठ सरत आलाय आणि तुम्ही मलकापूरच्या पेठेत उभे आहात. पाऊस असा धरलाय की समोरचा डोंगर दिसत नाही. कडवीला लाल पाणी आलंय. डोक्यावर इरली घेतलेल्या बाया गुडघाभर चिखलाने माखून शेतातून परतताहेत. भाताची लावण सुरू झालीय. आंबा घाटात अजून गाडीरस्ता नाही. उन्हाळ्यात पाठाळ बैलांवरून कोकणातलं मीठ वर आलं, ते वाण्याने ओल लागणार नाही अशा बेताने माच्यावर चढवून ठेवलंय. शेजारी गुळाच्या ढेपा. दोन्ही थोडं थोडं विकत घ्या आणि फडक्यात घट्ट बांधा. पुढे लागणार आहे.

३ जूनला बाजीराव पेशवा इंग्रज सेनानी माल्कमला शरण गेला. करवीरच्या गादीवर शंभू छत्रपती आहेत, लोक त्यांना आबासाहेब म्हणतात. विशाळगडचे पंत प्रतिनिधी अजून गडावरच राहतात. त्यांचा मुक्काम मलकापुरात हलायला पाव शतक अवकाश आहे. एवढी उलथापालथ होऊनही पेठेतल्या ओट्यांवर बोलणं राज्याचं नाही. बोलणं वाख्याचं आहे. कुणी पटकी म्हणतं, कुणी नावच घेत नाही.

गेल्या ऑगस्टात बंगालमध्ये जेसोरला ही साथ उसळली. नोव्हेंबरात बुंदेलखंडात इंग्रजांच्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत हजारो माणसं पडली. मग फौजा, बाजारबुणगे, व्यापारी आणि यात्रेकरू ज्या वाटांनी चालले, त्याच वाटांनी ती दख्खनेत उतरली. पेठेतल्या माणसांना जेसोर कुठे आहे ते ठाऊक नाही, पण रोग उगवतीकडून येतोय एवढं कळलंय. शिवेवरच्या मरगाईला दहीभाताचा नैवेद्य चाललाय. देवीचा गाडा गावाबाहेर काढून सोडायचा, म्हणजे आलेली ब्याद पुढे जाते, असं म्हणतात. या लोकांना अडाणी समजू नका. रोग गावात बाहेरून येतो, वाटेने येतो, आणि शिवेवर अडवता आला तर गाव वाचतो, हे त्यांनी नीट पाहिलेलं आहे. तो कशातून येतो तेवढं डोळ्यांना दिसत नाही, आणि ते दिसायला जगाला अजून बरीच वर्षं लागायची आहेत.

आषाढीसाठी पंढरपूरला दिंडी निघते. तुम्ही तिच्यात चालू लागा. पन्हाळ्याच्या अंगाने कोल्हापूर, मग मिरज, सांगोला. दोनशे किलोमीटरांहून जास्त वाट. ओढ्याला पाणी दिसलं की ओंजळीने प्यायचं, रात्री देवळात नाहीतर झाडाखाली पडायचं. घाटमाथ्याचा पाऊस मिरजेपर्यंत विरून जातो आणि सांगोल्याकडे धूळ लागते.

आषाढीच्या आधी दोन दिवस तुम्ही पंढरपुरात पोचता. चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नाही. टाळांचा गजर इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण जरा खाली, पाण्याकडे बघा. एकाच काठावर माणसं स्नान करताहेत, धोतरं पिळताहेत, तांबे भरून घेताहेत. पहाटे अंधारात हीच माणसं थोडी वरच्या अंगाला जाऊन बसली होती. एवढ्या लोकांनी दुसरीकडे जायचं तरी कुठे? दोष भक्तीचा नाही. लाखभर माणसं एका नदीवर आली आणि त्यांच्यासाठी कुणी काही सोय केली नाही, हा दोष आहे.

मध्यरात्री तुमच्या दिंडीतले एक म्हातारबाबा आजारी पडतात. डोंगरातल्या वाडीवरचे, साठीच्या आसपासचे. संध्याकाळी भजनात उभे होते. आधी पोटात दुखलंसुद्धा नाही, एकदम जुलाब सुरू झाले आणि थांबेनात. तांदळाच्या धुवणासारखे, पांढुरके, वास जवळजवळ नाही. ताप नाही. तीन तासांत डोळे खोबणीत गेले. त्यांचा हात हातात घ्या. बोटांची टोकं फार वेळ पाण्यात राहिल्यागत सुरकुतली आहेत. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहते. नाडी आहे, पण बारीक. त्यांना सगळं कळतंय, नुसता आवाज बसलाय.

त्यांची बायको तुमच्याकडे वळते. “माउली, ह्येंच्या पोटऱ्यांत गोळं आल्यात. पानी पानी करत्यात. द्यावं का नगं? परत्येक जण येगळंच सांगतोया.”

इंग्रजांच्या छावणीत या घडीला कॅलोमेल देतात, अफूचा अर्क पाजतात, शीर तोडून रक्त काढतात. ज्याच्या अंगातलं पाणी चाललंय त्याचं रक्त काढायचं. तुम्ही ते करू नका. चुलीवर हंडा ठेवा, पाणी खळखळून उकळू द्या, निववा. मलकापुरात बांधून घेतलेलं मीठ चिमटीने आणि गूळ मुठीने त्यात घाला. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. पळीने पाजा. उलटी झाली तर थोडं थांबा आणि पुन्हा पाजा. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत गेलं पाहिजे, रात्रभर.

त्यांच्या बायकोकडे पळी द्या. ती बसेल. आता तुम्हाला आणखी एक प्रवास करायचाय, आणि तो या म्हाताऱ्याच्या पोटातच आहे.

लहान व्हा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके. लहान आतड्याच्या भिंतीशी तुमच्याभोवती स्वल्पविरामाच्या आकाराचे जिवाणू पोहताहेत, प्रत्येकाला मागे एक शेपटी. हे व्हिब्रिओ कॉलरी. यांचं मूळ घर माणसाचं पोट नाही. नदी समुद्राला मिळते तिथलं मचूळ पाणी, त्यातले चिमुकले कवचधारी जीव, तिथे हे पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांतले बहुतेक कुणाला मारत नाहीत. मारायला लागतं ते विष त्यांच्याकडे नसतं.

दोन जिवाणू निवडा आणि त्यांच्याकडे नीट बघा. पहिल्याकडे विष आहे. त्या विषाचा एक भाग पेशी तोडत नाही, जाळत नाही; आतड्याच्या पेशीत शिरून तिथलं एक बटण सुरू अवस्थेत अडकवून ठेवतो. पेशी क्षार बाहेर टाकत राहते आणि क्षारांमागून पाणी जातं. जोराची पटकी असेल तर तासाला लिटरभर. दुसऱ्या जिवाणूकडे हे विष नाही. भिंतीला चिकटायला लागणारे बारीक धागे मात्र दोघांकडेही आहेत.

पहिल्या जिवाणूतून काहीतरी बाहेर पडतंय. धाग्याच्या आकाराचा एक विषाणू, जिवाणूंत राहणारा. त्याला सीटीएक्स फाज म्हणतात. त्याच्या पोटात डीएनएचं एकपदरी कडं, सात हजारांच्या जवळपास अक्षरांचं, आणि त्या अक्षरांत विषाची दोन जनुकं. हा विषाणू दुसऱ्या जिवाणूच्या त्याच चिकट धाग्यावर जाऊन बसतो आणि आपला डीएनए आत सोडतो. हे धागे जिवाणूवर येतात ते मुख्यतः आतड्यात. म्हणजे हा सौदा व्हायला माणसाचं पोट हीच उत्तम जागा आहे.

आता आत, दुसऱ्या जिवाणूच्या मध्यात. इथे दोन गुणसूत्रं आहेत, दोन्ही गोल कडी. मोठ्यात तीस लाखांच्या आसपास अक्षरं, धाकट्यात दहा लाखांवर थोडी. गोल कड्याची एक अडचण असते. त्याची नक्कल होताना कधी कधी दोन कडी एकमेकांत सांधून एकच मोठं कडं होतं, आणि मग जिवाणूला दोन होताच येत नाही. त्यावर उपाय म्हणून कड्यावर एक जागा राखून ठेवलेली आहे. तिचं नाव डिफ. फक्त अठ्ठावीस अक्षरांची जागा: एका अंगाला अकरा, दुसऱ्या अंगाला अकरा, मध्ये सहा. एका अंगाला झेरसी नावाचं विकर बसतं, दुसऱ्या अंगाला झेरडी. ती दोघं मिळून तिथेच कापतात, तिथेच जोडतात, आणि एका कड्याची पुन्हा दोन होतात. तीस लाख अक्षरांत दुसरीकडे कुठेही नाही, त्याच जागी. ठरावीक जागचं पुनर्संयोजन म्हणतात ते हेच.

कापणं-जोडणं कसं होतं ते बघायला थोडं थांबा, कारण सगळी करामत तिथे आहे. नागपंचमीला बायका हात धरून फेर धरतात. नवी बाई आत घ्यायची तर एकाच जागचे हात सुटतात, एक हात नवीच्या हातात जातो, दुसरा तिच्या दुसऱ्या हातात, आणि फेर मोठा होऊन फिरत राहतो. डिफवर असंच होतं, फक्त इथे कुणाचाही हात क्षणभरसुद्धा मोकळा सुटत नाही. झेरसीत टायरोसिन नावाचा एक घटक आहे. डीएनएची साखळी तुटली की सुटलेलं टोक तो स्वतः धरून ठेवतो आणि नव्या जोडीदाराच्या हाती देतो. एक अक्षर गळत नाही, एक वाढत नाही. जोडायला वेगळी ऊर्जाही लागत नाही. तोडताना मिळालेली त्या पकडीतच साठून राहते.

आता विषाणूचं एकपदरी कडं त्या जागेजवळ आलंय. त्याच्याकडे स्वतःचं कापणारं विकर नाही. जिवाणूच्या गुणसूत्रात शिरणारे बहुतेक विषाणू असं विकर बरोबर घेऊन येतात. याने ती तसदी घेतलेली नाही. त्याच्या साखळीचा एक भाग स्वतःवरच दुमडतो, अक्षरांना अक्षरं मिळतात, आणि त्या दुमडीत डिफशी मिळतीजुळती जागा उभी राहते. झेरसी आणि झेरडी येऊन तिच्यावर बसतात. त्यांना ती घरचीच वाटते. झेरसी एक पदर कापते आणि विषाणूच्या पदराशी जोडते. एकच पदर, एकदाच. उरलेलं काम जिवाणूची नक्कल करणारी यंत्रणा नेहमीच्या शिरस्त्याने उरकते. झालं. विषाची जनुकं आता या जिवाणूच्या गुणसूत्रात आहेत आणि त्याच्या लेकी-नातींना वारशाने जाणार आहेत.

ती सहजी बाहेरही पडत नाहीत. दुमडलेली असताना जी जागा झेरसीला ओळखू आली, ती दुपदरी सरळ साखळीत शिरल्यावर पहिल्यासारखी उरत नाही. यायची वाट आहे, परतीची नाही.

नेमकी त्या रात्री, त्या पोटात ही घटना घडलीच असं नाही. पण घडायला जे लागतं ते सगळं तिथे होतं, आणि ज्या ज्या जिवाणूने पटकीच्या मोठ्या साथी आणल्या, त्या प्रत्येकाच्या पूर्वजात कधी ना कधी ती घडलेली आहे. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. पटकीचा मारकपणा जिवाणूच्या मुळात नव्हता. तो एका ठरलेल्या जागी, जिवाणूच्याच हत्याराने घातला गेला. ज्या म्हाताऱ्याच्या उशाशी आपण बसलो होतो तो मरगाईच्या कोपाने पडला नाही, स्वतःच्या पापानेही नाही. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतक्या जागेत एक पदर दुसऱ्या पदराशी जोडला गेला आणि तो जिवाणू नदीच्या पाण्यातून त्याच्यापर्यंत पोचला.

वर या. पहाट झालीय. म्हातारबाबांची नाडी जरा भरून लागते, आणि ते आता कुजबुजत का होईना बोलताहेत. वाळवंटात दूरवर कापडं टाकून झाकलेले बरेच आहेत. त्यांच्यासाठी कुणी रात्रभर पळी धरली नव्हती.

आता पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. १८५४: फ्लोरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनीला सूक्ष्मदर्शकाखाली हे स्वल्पविराम दिसतात आणि कुणी लक्ष देत नाही, त्याच साली लंडनमध्ये जॉन स्नो एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवतो. १८८४: रॉबर्ट कॉख कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात तोच जिवाणू शोधून दाखवतो. १८९३: वाल्देमार हाफकिन कलकत्त्याला येऊन पटकीची लस टोचू लागतो, ज्याने प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि परळच्या संस्थेला ज्याचं नाव मिळालं तोच हा. पुढच्या शतकात पंढरीच्या वारीला निघणाऱ्यांना पटकीची टोचणी सक्तीची झाली, दंड सुजवून वारकरी चालू लागले. त्या टोचणीची आठवण सांगणारी माणसं अजून आपल्या घरांत आहेत.

१९५९ साली कलकत्त्यात थांबा. शंभुनाथ डे यांच्यासमोर सशाच्या आतड्याचा दोन्ही टोकांनी बांधलेला तुकडा आहे. त्यात जिवाणू नाहीत, जिवाणू गाळून काढलेला रस आहे, आणि तरीही तुकडा पाण्याने फुगलाय. जिवाणू नव्हे, त्याचं विष पाणी ओढतं, हे सिद्ध झालं. साधी प्रयोगशाळा, साधं सामान. या माणसाला नोबेल मिळायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

१९७१, बनगाव. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या आहेत. डॉ. दिलीप महालनबीस पिंपांत मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज कालवून लोकांना प्यायला देतात. मृत्यूचं प्रमाण घसरतं. तुम्ही पंढरपुरात जे पळीने पाजलं त्याचंच हे पारखलेलं रूप. ते का चालतं, तेही तोवर कळलेलं होतं: आतड्याच्या पेशीत एक वेगळी वाट आहे, तिच्यातून साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनेच आत येतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. पटकीचं विष ही वाट बंद करू शकत नाही.

१९९६ मध्ये हार्वर्डला मॅथ्यू वॉल्डोर आणि जॉन मेकलानोस यांनी दाखवलं, की विषाची जनुकं मुळात एका विषाणूची आहेत. २००५ मध्ये फ्रान्समधल्या प्रयोगशाळांत एकपदरी कड्याची दुमड आणि झेरसीचा तो एक छेद उलगडला. २०१४ मध्ये, फिलाडेल्फियात १८४९ च्या साथीत दगावलेल्या एका माणसाचं बरणीत जतन केलेलं आतडं उघडलं गेलं आणि त्यातून जिवाणूचा डीएनए अक्षर अक्षर वाचून काढला. विषाची जनुकं त्यात होती.

१९९२ च्या मद्रासकडे मात्र मागे वळून बघा, कारण ती गोष्ट संपलेली नाही. तिथे ओ १३९ नावाचा नवा वाण उपटला. त्याच्या गुणसूत्रात एसएक्सटी नावाचा सुमारे एक लाख अक्षरांचा लांबलचक तुकडा सापडला. हा तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जातो आणि प्रत्येक वेळी एका ठरावीक जनुकाच्या तोंडाशी, आपलं स्वतःचं विकर वापरून शिरतो. त्याच्यावर सल्फा, ट्रायमेथोप्रिम, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन या चार औषधांना दाद न देणारी जनुकं होती. शिवाय या जिवाणूच्या धाकट्या गुणसूत्रावर सव्वा लाखाच्या आसपास अक्षरांचा एक पट्टा आहे. त्यात बाहेरून आलेली जनुकं ठरलेल्या खुणांवर ओळीने बसवलेली आहेत, आणि त्यांची जागा बदलणारं विकर शेजारीच आहे. पाण्यात जे भेटेल ते उचलावं, ठरल्या जागी बसवावं, उपयोगी पडलं तर ठेवावं, हे त्याचं रोजचं काम. आपण नवं औषध काढायला वर्षं लावतो. तो एका पावसाळ्यात मांडणी बदलतो.

आता आजच्या पावसाळ्यात या. मलकापूरच्याच शाहूवाडी तालुक्यातली एखादी वाडी, सार्वजनिक विहीर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बादलीत टीसीएल पावडर कालवतोय, निवळी वरून ओततोय. अर्ध्या-एक तासाने नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून बघतो. पिवळा रंग आला, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. आला नाही, तर पुन्हा टाकायची. आशाताई घरोघर मेडिक्लोरची बाटली आणि जलसंजीवनीची पाकिटं देत फिरतात. पाण्याची तपासणी नीट नसेल त्या ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं, आणि ते मिळायलाच हवं.

हे काम दिसायला किरकोळ आहे. पण क्लोरीन जिवाणूची जनुकं कशी मांडली आहेत ते विचारत नाही. झेरसी, एसएक्सटी, तो पट्टा, कशाचीही तमा न बाळगता आख्ख्या जिवाणूला मारतं. मीठ-साखरेची वाट तर आपल्या स्वतःच्या पेशीत आहे, तिथे जिवाणूच्या विकरांचा हात पोचत नाही. औषधाला तो दाद देईनासा होईल, पण या दोन गोष्टींपुढे त्याची कुठलीच फेरमांडणी चालत नाही.

तेव्हा टीसीएलची पिशवी उघडी आणि जुनी पडलेली दिसली तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा; तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. विहिरीत पावडर पडली की पाण्याला वास येतो म्हणून तक्रार करू नका. घरात जलसंजीवनीची दोन पाकिटं असू द्या, एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं, कमी पाण्यात नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाण्यासारखे जुलाब लागले की लगेच पाजायला सुरुवात करा आणि पाजत पाजतच दवाखाना गाठा.